उशिरा येणारं हसू

"तुले हासू लवकर येते का उशिरा?"

भाड्याची खोली बघायला आलेल्या बाईला घरमालकीण काय विचारते? मटण-मच्छी करता का, पाहुणे किती येतात, नळ चालू ठेवून कपडे धुता का. घाटंजीतल्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते, आणि कळंबहून निघताना या सगळ्याची उत्तरं आईने पाठ करून घेतली होती. काकूंनी त्यातलं एकही विचारलं नाही. दारात उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हा प्रश्न टाकला.

मी म्हटलं, "लवकर येते की काय ते! सर्वांना येते तेव्हाच येते."

"मंग ठीक हाय. उशिरा हासणारं माणूस नाही चालत मले घरात. आवाज मिसयते." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मनात म्हटलं, बाई येडी दिसते; पण खोली हवेशीर होती आणि शाळा जवळ. सामान टाकलं. कोणाचा आवाज कोणात मिसळतो, हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.

काकूंच्या बैठकीच्या खोलीत खुर्ची नव्हती, दिवाण नव्हता. होती ती ट्रकच्या ड्रायव्हरची सीट. अख्खी, लोखंडी सांगाड्यासकट, खाली लाकडी ठोकळे लावून बसवलेली. रेग्झिन उसवलेलं, मधे खोलगट खड्डा पडलेला. तिचं तोंड टीव्हीकडे होतं. टीव्ही जुना, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीतला, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या दारांचा. दसऱ्याला लोक गाड्या पुजतात. काकू टीव्ही पुजायच्या. झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ. एकदा तर पेटीच्या पायाखाली लिंबू ठेवलेलं पाहिलं. मी हसले तर म्हणाल्या, "हास हास. तुले काय, तुही कोणती गाडी घाटात गेली हाय!"

भाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, ट्रक ड्रायव्हर होते. जिनिंगच्या कारखान्यातल्या कापसाच्या गाठी भरून मुंबईला न्यायचे. अशाच एका खेपेला घाटात ट्रक गेला आणि भाऊ गेले. भंगारवाल्याने ट्रक उचलला तेव्हा काकूंनी त्याच्याकडून एवढी सीट मागून घेतली. तिच्यावर कोणी बसायचं नाही. मांजर बसलं तरी काकू "उठ व माय, येऊन राह्यले ते" म्हणून त्याला उठवत. मांजर उठायचं. मला त्या मांजराचा राग यायचा, कारण ते उठताना मागे वळून सीटकडे बघायचं.

माझे वडील म्हणायचे, कळंबची, चिंतामणी गणपतीच्या गावची पोर भुताखेताला भीत नसते. त्यांना बोलायला काय जातं! त्यांना कोणी त्या सीटसमोर पाटावर बसवून जेवू घातलं नव्हतं.

आता गुरुवारचं सांगते.

गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची. नाव सांगत नाही. नाव घेतलं की माझ्या वयाची माणसं तिचं गाणं म्हणायला लागतात आणि मग गोष्ट राहून जाते. एक खानावळवाला आणि त्याच्याकडे जेवायला येणारी मंडळी, एवढाच पसारा. खानावळवाला येईल त्याला सल्ला द्यायचा, आणि सल्ला असा की घेणाऱ्याचं वाटोळं व्हावं. सगळं समजावून झालं की पोळी लाटता लाटता थांबायचा, मान वाकडी करायची आणि विचारायचा, "आलं का ध्यानात, भाऊ?" मग जराशी शांतता आणि मग हशा. महाराष्ट्रभर पोरंसोरं हे वाक्य म्हणत फिरायची. माझ्या वर्गातल्या मुली गणित सोडवून झालं की फळ्यासमोर उभं राहून हेच म्हणायच्या आणि मार खायच्या.

तो नट होता कमालीचा. अंगाने सुकट, चेहरा साधा, आपल्या आत्याचा नवरा असावा असा. त्याने नुसता तवा पुसला तरी हसू यायचं.

पहिल्या गुरुवारी गल्लीतली पाच-सहा घरं काकूंकडे जमली. टीव्ही बऱ्याच घरांत होते, पण ही मालिका काकूंकडेच बघायची असा रिवाज होता. समोरच्या घरची नवी सून सगळ्यांत पुढे बसायची. ती हसायला लागली की अख्खी खोली हसायची. विनोद व्हायच्या आधीच तिचे खांदे हलायचे. सीट मोकळी ठेवून सगळे खाली बसले. खानावळवाल्याने सल्ला दिला, मान वाकडी केली, विचारलं. टीव्हीतले लोक हसले. आम्ही हसलो. हसून झालं. पुढचं दृश्य सुरू झालं.

आणि मग माझ्या मागून एक माणूस हसला.

थंडीत लवकर न लागणारं डिझेल इंजिन असतं ना, तसं. आधी नुसतीच घरघर, मग बंद, पुन्हा घरघर, आणि मग एकदम धडधडून लागलेलं हसू. जाड, घोगरं, पुरुषी. मी झर्रकन मागे वळले. काकू हसत होत्या. चणीने चिमणीएवढी बाई, आणि तो आवाज! बाकी कोणी वळून पाहिलं नाही. समोरची सून माझ्या कानात म्हणाली, "घाबरू नोका, मॅडम. भाऊ हासून राह्यले."

सुनेने ते इतकं सहज सांगितलं की मला जास्तच भीती वाटली.

खरी हकिकत मला चाचांनी सांगितली. चाचा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या गॅरेजचे मालक; ट्रॅक्टर दुरुस्त करायचे आणि काकूंचा टीव्हीही तेच जिवंत ठेवायचे. भाऊंचे जिवाभावाचे दोस्त.

भाऊंना विनोद उशिरा कळायचा. कळायचा नक्की, पण उशिरा. चहाच्या टपरीवर कोणी काही बोललं, सगळे हसले, उठून आपापल्या वाटेला लागले, की मग भाऊ एकटेच बाकावर बसून हसायचे. अख्ख्या घाटंजीला ते हसू ठाऊक होतं. "हम तो सायकल पे घर पहुंच जाते, बाई, तवा पिछेसे आवाज यायचा," चाचा म्हणायचे.

एकदा भाऊ गाठी घेऊन मुंबईला गेले. ट्रक खाली व्हायला नंबर लागेना. तिथल्या एका ओळखीच्याने पास दिला, की टीव्हीची मालिका बघायला माणसं हवीत, चल, पंख्याखाली तरी बसशील. ती मालिका म्हणजे हीच. प्रेक्षकांसमोर नाटकासारखी करायचे आणि चित्रण करायचे. खानावळवाल्याने विनोद केला, लोक हसले, थांबले. त्याने पुढचं वाक्य सुरू केलं, आणि अंधारातून भाऊंचं इंजिन लागलं. तो थांबला. अंधारात पाहिलं. हातातलं लाटणं तसंच धरून मान वाकडी केली आणि म्हणाला, "आलं का ध्यानात, भाऊ?" लोक लोटपोट झाले. ते वाक्य लिहिलेलं नव्हतंच. पुढे ते दर भागात आलं, त्याच्यावर त्याचं नाव झालं.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा भाऊ घरी होते. गल्ली जमली होती. भाऊंचं हसू टीव्हीतून आलं, आणि ते ऐकून सगळे हसले, आणि सगळं झाल्यावर भाऊ स्वतःच्याच हसण्याला हसले. त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले.

भाऊंचा फोटो होता घरात. कपडे होते, किन्नरने, म्हणजे ट्रकच्या क्लीनरने, हातात दिलेला ट्रकचा पाना होता. पण आवाज कुठेच नव्हता, त्या एका भागाशिवाय. आणि तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही. म्हणून खानावळवाला दर गुरुवारी विचारायचा, तेव्हा काकू भाऊंच्या वतीने हसायच्या. "त्यो विचारून राह्यला ना. जवाब नोको द्याले? मानूस वाट पाह्यते."

ही वर्षं कशी होती, तेही सांगायला हवं. जिनिंगच्या आवारात गाठींऐवजी बकऱ्या चरत होत्या. कापसाचा विषय निघाला की माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसायची. सकाळी पेपर आला की आधी आतलं पान उघडायचं, आपल्या ओळखीतलं कोणी नाही ना बघायला. आणि आमच्या गल्लीचा नियम होता: गल्लीत मयत झाली की तीन दिवस कोणाच्याही घरून टीव्ही-रेडिओचा आवाज यायचा नाही. जुनाच नियम. पण पूर्वी तो वर्षाकाठी एखाद्या वेळी लागायचा. त्या वर्षांत तो गुरुवारांमागून गुरुवार खाऊन टाकू लागला.

काकूंनी तो कधी मोडला नाही. अशा गुरुवारी त्या टीव्हीची दारं बंदच ठेवून समोर बसायच्या. वेळ झाली की दारावर हात ठेवून हळूच म्हणायच्या, "आज नाही बरं. आज गल्लीत मयत हाय." कोणाला सांगायच्या, नटाला की भाऊंना, मी विचारलं नाही. तेवढ्यात सीटची स्प्रिंग करकरायची. लोखंड जुनं झालं की करकरतंच, असं मी स्वतःला समजावायची आणि वह्या तपासायला आत निघून जायची.

मग तो नट गेला.

बातमी रेडिओवर आली. मी शाळेतून आले तर काकू अंगणात डोक्यावरून पाणी घेत होत्या. सुतकाची अंघोळ! मी म्हटलं, "काकू, अहो काही काय! तो कुठला, तुम्ही कुठल्या!"

ओल्या लुगड्यानिशी माझ्याकडे वळल्या. "माह्या नवऱ्याशी बोलनारा तो एकच उरला होता, मास्तरीन. आता कोन आवाज देईन त्याइले?"

टॉवेल आणून दिला आणि पाठ पुसून दिली. पाठीची हाडं हाताला लागत होती.

दोन दिवसांनी टीव्हीवर सांगितलं की श्रद्धांजली म्हणून रविवारी दुपारी मालिकेचे निवडक भाग दाखवणार, आणि त्यात तो भाग असणार जिथे ते वाक्य पहिल्यांदा आलं. काकूंनी ऐकलं. मग उठल्या आणि घर सारवायला घेतलं.

काय त्यांची धांदल! सीटचं रेग्झिन खोबरेल लावून पुसलं. चाचांना बजावलं, "दुपारची लाइन जाते, बॅटरी आनून ठेवजो, भरलेली." चाचांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली. गल्लीत घरोघरी आमंत्रण झालं. मलाही धाक: "तू लवकर हासून घेजो. भाऊ हासतीन तवा चूप राह्यजो. एक आवाजबी मिसयला नाही पाहिजे." वर्षानुवर्षं स्वतः काढलेला आवाज त्या आता मूळ गळ्यातून ऐकणार होत्या. "बराबर काढतो का नाही मी, तेबी कळन," म्हणाल्या आणि लाजल्या. खरंच लाजल्या.

रविवारी सकाळी समोरच्या घरातून किंकाळी आली.

त्या सुनेचा नवरा. जिनिंगमध्ये गाठी बांधायचा, जिनिंग बंद झाल्यापासून घरीच असायचा. हसरा, उंच मुलगा. कसा गेला ते मी लिहीत नाही. त्या वर्षांत आम्ही ते कोणाला विचारतही नव्हतो. मारेगावहून त्याचा थोरला भाऊ यायचा होता, तो येईपर्यंत माती थांबणार होती. गल्लीत पुरुषमाणसं भिंतीच्या सावलीला उकिडवी बसून राहिली.

काकू ठेवणीतलं लुगडं नेसून सीटजवळ उभ्या होत्या. मी दार ओढून घेतलं.

"काकू, अगदी बारीक आवाज ठेवू. दारं-खिडक्या लावू. कोणाला कळणार नाही."

"मले कळन ना."

"अहो, पण पुन्हा कधी दाखवतील? नाहीच दाखवलं तर? त्यांचा आवाज आहे तो!" मी जवळजवळ ओरडलेच. मला त्या बाईचा संताप आला, त्या नियमाचा आला, समोर मरून पडलेल्या त्या पोराचाही आला. पाप लागलं असेल तर लागो.

"त्या पोरीनं बी आज आवाज गमावला हाय, मास्तरीन. तिच्या कानावर माह्या घरचं हासू घालू?"

नुसतं चित्र तरी बघावं, तर टीव्हीचं बटण झिजलेलं होतं. आवाज पार बंद केला तरी बारीक झिरपायचा. काकूंनी चाचांना बोलावून पेटीतला स्पीकरच काढायला लावला. चाचांनी मागची फळी उघडली, तारा सोडल्या आणि स्पीकर देवळीत फडक्यावर ठेवून दिला. "नुस्तं चित्र दिसन, भाबी," म्हणाले.

तेवढ्यात समोरून एक म्हातारी आली. सून सकाळपासून रडत नव्हती. भिंतीला टेकून, डोळे सताड उघडे. पाणी घेत नव्हती, कोणाला जवळ येऊ देत नव्हती. असं कोरडं राहिलं की बाई वेडी होते, तिला रडवावं लागतं. म्हातारी म्हणाली, "तुमचंच आयकते ते, काकू."

भाग लागायला थोडाच वेळ होता. काकूंनी टीव्हीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. सीटच्या पाठीवरून हात फिरवला. मग मला म्हणाल्या, "तू बस. त्यो कुठी थांबते, कुठी पाह्यते, ध्यानात ठेवजो. मले सांगजो." आणि गेल्या.

मी दार लोटून एकटीच बसले. लाइन गेली होती, बॅटरीवर चित्र जरा हलत होतं. बाहेर ऊन, आत मुका टीव्ही. मेलेला माणूस पोळ्या लाटत होता, तोंड हलवत होता. त्याने काहीतरी सांगितलं. वाट बघितली. पुढचं बोलू लागला. आणि थांबला. लाटणं तसंच हातात. त्याने अंधारात पाहिलं, म्हणजे इकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे. मान वाकडी केली. ओठ हलले. काय म्हणाला ते मला पाठ होतं.

मग दृश्य संपलं आणि साबणाची जाहिरात लागली. एवढंच? मला रडू फुटायला आलं.

त्याच वेळी समोरच्या घरातून सुनेने हंबरडा फोडला. सकाळपासून कोंडलेला. ऐकवत नव्हता.

आणि त्या हंबरड्याच्या आत, माझ्या पाठीमागे, सीटची स्प्रिंग दबली. घरघर. बंद. पुन्हा घरघर. मग इंजिन लागलं.

काकूंचं नव्हे. काकूंचं हसू मी कितीदा ऐकलं होतं. ती नक्कल होती, हे मला त्या क्षणी कळलं. हे भरदार होतं, त्यात तंबाखूचा खोकला होता, आणि ते कोणालाही दुखवणारं नव्हतं. मी वळले नाही. टीव्हीच्या काचेवर सीट दिसत असणार म्हणून तिकडेही पाहिलं नाही. पायाच्या बोटांकडे पाहत राहिले, हसणं आपोआप थांबेपर्यंत.

दार ढकलून चाचा आत आले. मागे गल्लीतली माणसं. कोणीतरी खेकसलं, "मयतीच्या घरासमोर टीव्ही लावता, मॅडम? लाज हाय का नाही?" चाचांनी हात वर करून त्याला गप्प केलं. देवळीतला स्पीकर उचलला, सुटलेल्या तारा सगळ्यांना दाखवल्या. मग सीटकडे वळले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "आ गया क्या, यार?" आणि भिंतीला धरून खाली बसले. खेकसणारा केव्हा निघून गेला मला कळलंही नाही.

काकू परतल्या तेव्हा माती होऊन गेली होती. अंघोळ करून आत आल्या. चाचा होते, मी होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मीच बोलले. "काकू, तुम्हाला ऐकू आलं ना?"

"काय?"

"भाऊ हसले. साऱ्या गल्लीनं ऐकलं."

काकू उभ्याच राहिल्या. "मले नाही आलं आयकू. पोरगी माह्या गळ्यात पडून रडली ना. कानातच रडली. मले तिच्याबिगर काही आयकूच आलं नाही."

अख्ख्या गल्लीने ऐकलं आणि जिने ऐकायचं तिनेच नाही. मी ढसाढसा रडायला लागले. तर काकूंनी माझंच डोकं मांडीवर घेतलं. थोपटत म्हणाल्या, "येडी का तू? त्याइचं नेहमीचंच हाय. उशिरा येतेत. पन आले ना घरी?"

त्या दिवसापासून काकू उशिरा हसल्या नाहीत. सगळ्यांसोबत हसायच्या, आपल्या स्वतःच्या बारीक, किणकिण आवाजात. तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. समोरची सून पुढे काकूंकडेच राहायला आली. माझी बदली झाली. काकू गेल्या, मग चाचाही गेले.

परवा कोणीतरी मोबाईलवर तो भाग पाठवला. जुना, तोच, नटाच्या आठवणीत. मी दुपारी एकटीच घरी होते. आवाज पूर्ण मोठा केला. खानावळवाला विनोद करतो, लोक हसतात, थांबतात. तो पुढचं वाक्य सुरू करतो, आणि थांबतो. कोणीही हसलेलं नाही. इंजिन नाही, घरघर नाही, काही नाही. तरी तो थांबतो, अंधारात पाहतो, खुशीत मान वाकडी करतो आणि रिकाम्या शांततेला विचारतो, "आलं का ध्यानात, भाऊ?"

मी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा लावलं. त्यात ते हसू आता नाहीच.

अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. फोन मांडीवर ठेवला. भाग संपला, तरी मी उठले नाही. म्हटलं, जरा थांबावं. त्यांना वेळ लागतो.